व्याह्यांचा दाखला

मखमलाबाद रोडचा धोंडीराम मंडलिक दुसऱ्याच्या वावरात निम्म्या वाट्यानं शेवंती करायचा. पण बोलायला लागला की सगळा नाशिक तालुका त्याच्याच नावावर. थोरल्या छायाला बघायला आडगावचे पाहुणे आले, तेव्हा त्यानं शेजाऱ्याची द्राक्षबाग लांबून दाखवली आणि म्हणाला, "हा आपलाच पसारा." त्याच वर्षी नवी रेशनकार्डं वाटली जात होती. पिवळं कार्ड दारात आलं तर सोयरीक मोडेल, म्हणून त्यानं उत्पन्न फुगवून सांगितलं आणि केशरी घेतलं.

छायाचं लग्न झालं. दोन वर्षांनी बायकोचं, साळूबाईचं डोकं गरगरायला लागलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "प्रेशर आहे, शुगरही आहे. गोळ्या कायमच्या. रोज बाहेरून विकत घेणं परवडायचं नाही. पिवळं कार्ड आणा, इथूनच फुकट मिळतील."

"आता पोरगी नांदतीय," साळूबाई म्हणाली. "आता तरी खरं सांगा."

पिवळ्या कार्डाला कमी उत्पन्नाचा दाखला लागतो, म्हणून त्यानं तहसील कचेरीत अर्ज टाकला. बोलावलेल्या सोमवारी धोंडीराम इस्त्रीची टोपी आणि पांढराशुभ्र सदरा घालून निघाला.

"गरिबीचा दाखला आणायला चाललात का सत्कार घ्यायला?" साळूबाईनं विचारलं.

तहसील कचेरीच्या बाकावर बघतो तर व्याही बसलेले! आडगावचे झुंबर खैरनार. लग्न ठरवायला ट्रॅक्टरवर बसून आलेला माणूस.

"पाव्हणं, तुम्ही इकडं?"

"सायबांची ओळख हाय. म्हटलं भेटून जावं," झुंबर खोकत म्हणाला. "तुम्ही?"

"सातबारा बघायचाय. जमीन वाढली की कागद वाढत्यात."

मग कोण आधी उठतो याची दोघं वाट बघत बसले. "तुम्ही व्हा पुढं." "छे, मला कसली घाई!" चहा झाला, परत चहा झाला.

शेवटी खिडकीतून कारकून ओरडला, "कमी उत्पन्नाचे दाखले! झुंबर बाळा खैरनार! धोंडीराम सखाराम मंडलिक!"

कुणीच हललं नाही.

"अरे, आहेत का गेले?"

दोघं एकदमच उठले. खिडकीपर्यंतची दहा पावलं धोंडीरामला दहा कोस वाटली.

"ओळखीचा साक्षीदार पाहिजे," कारकून म्हणाला. "तुम्ही एकमेकांचे कोण?"

"व्याही," धोंडीराम पुटपुटला.

"मग उत्तम! व्याह्याला सगळं ठाऊक असतं." त्यानं पेन उघडलं. "सांगा, यांचा ट्रॅक्टर वगैरे?"

धोंडीरामनं त्या ट्रॅक्टरला स्वतःच्या हातानं हार घातला होता. त्यानं झुंबरकडं बघितलं.

"मालकाचा हाय," झुंबर हळूच म्हणाला. "मी डायवर. दम्याच्या गोळ्या लागत्यात हो, पाव्हणं."

"आणि यांची बागायत?" कारकुनानं झुंबरला विचारलं.

"द्राक्षबाग हाय ना मोठी!" झुंबर अभिमानानं म्हणाला.

"शेजाऱ्याची हाय ती," धोंडीराम घाईनं म्हणाला. "लिहू नका, सायेब!"

झुंबरनं आ वासला. "आन् मी चार गावांत सांगितलं की!"

दोघांनाही रागवायचं होतं, पण कोणत्या तोंडानं? आधी झुंबरला हसू फुटलं. हसता हसता दमा उसळला, तेव्हा धोंडीरामच त्याची पाठ चोळत बसला. कारकून म्हणाला, "सह्या करा आधी, नाती नंतर सांभाळा." धोंडीरामनं झुंबरच्या गरिबीवर सही केली, झुंबरनं धोंडीरामच्या गरिबीवर अंगठा उठवला.

पुढं दोघांनी मिळून पाच खेटे घातले, तेव्हा कुठं पिवळी कार्डं हातात आली. साळूबाईच्या गोळ्या सुरू झाल्या, महिन्याभरात गरगरणं थांबलं. तिला सगळी हकिगत कळली तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "पोरगी सुखात हाय ना?"

"हाय."

"मग झालं तर."

एकदा शेजारणीनं ओसरीवर गोळ्यांची पुडी बघितली आणि विचारलं, "लय महागाच्या असतील न्हाय?"

धोंडीरामनं सवयीनं छाती फुगवली, पण बोलला तो वेगळंच. "फुकट मिळत्यात. आमच्या व्याह्यांनी अंगठा दिला म्हणून."