दोन खाटांएवढं ऊन
डबा उघडला, बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, कुबट वास आला आणि धुळ्याजवळच्या गावातलं आमचं भाड्याचं घर आठवलं. घरमालकांनी, म्हणजे आबांनी, खोल्या देताना मागचं खळं आम्हा दोन बिऱ्हाडांना मिळून दिलं होतं. पण एका उन्हाळ्यात न विचारताच त्यांनी तिथे कांद्याची चाळ उभी केली. माझ्या दारात दिवसभर सावली आली आणि शेजारणीच्या दारापुढे मात्र दोन खाटा मावतील एवढं ऊन उरलं. तिचे बिबडे घालायचे होते, म्हणून रिवाजाप्रमाणे मी सकाळीच तिच्या मदतीला गेले. ज्वारीचा गरम घाटा ओल्या लुगड्यावर थापताना बोटं भाजत होती, पण त्याहून जास्त मला तिचं ऊन पोळत होतं. "तुमचे उद्या इथंच घालू ना, ताई," ती म्हणाली. तिच्या मेहरबानीच्या उन्हात माझे बिबडे, हे काही मला सोसेना. तशीच ओल्या हातांनी आबांकडे गेले. "खळं दोघींचं होतं. तिला ऊन आणि मला सावली, हे कसं?" आबा शांतपणे म्हणाले, "तुमनं बरोबर शे, बाई." आणि दुपारी त्यांनी चाळीची ताडपत्री तिच्या उंबऱ्यापर्यंत ओढली. "आते बठ्ठास्ले सारखं." म्हणजे, आता सगळ्यांना सारखं. तिचे बिबडे घरात पंख्याखाली वाळले, कुबटले. त्यातले निम्मे तिने मला आणून दिले, म्हणाली, "तुमचे तर राहूनच गेले." आज पिंप्राळ्यात माझी एकटीची गच्ची आहे, भरपूर ऊन आहे. पण खळं परत मागायचं सोडून मी तिचं ऊन मागायला गेले होते, आणि ती ताडपत्री तिच्या दारावर सरकताना मला बरं वाटलं होतं.