मोहाच्या झाडाखाली एल्फांचा देव

आमच्या घरात देव नाही. छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर माझ्या वडिलांनी देव्हाऱ्यातले टाक टोपलीत भरून गावच्या तलावात सोडले. मी विहारात जाते ती वंदनेला जाते, काही मागायला नाही. त्यामुळे एका देवाचा अनुभव लिहायला बसले आहे याचं मलाच नवल वाटतं. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. जसं घडलं तसं सांगते, कोणी काय मानावं ते ज्याचं त्याने पाहावं.

माझी नात प्रज्ञा पुण्याला नोकरीला होती. मागच्या पावसाळ्यात ती नोकरी सोडून आमच्या गावी परत आली. आमचं गाव नाकाडोंगरीच्या जवळ, जंगलाला लागून आहे. आधी तिची झोप गेली, मग जेवण, मग बोलणं. डॉक्टरांनी मनाच्या आजाराची औषधं दिली. ती कधी घ्यायची, कधी उशीखाली ठेवायची. दिवाळीपासून तिने घराचा उंबरठा ओलांडला नव्हता. सून ताट तिच्या खोलीच्या दाराशी ठेवायची आणि तसंच उचलायची. मी दार वाजवायचे. जेव, बाहेर ये, ऊन घे. माझा आवाज मुळात मोठा. पोरगी हातची जाते की काय या भीतीने तो आणखी मोठा झाला होता.

एका दुपारी दाराआडून तिचा आवाज आला. आरती म्हणावी तसं काही म्हणत होती, पण त्यातला एक शब्द मला कळेना. मला वाटलं, पोरगी कोण्या बाबाच्या नादी लागली. दार ढकलून आत गेले. ती कॉम्प्युटरपुढे बसली होती.

"कोणाची पूजा करून राहिली?"

"सेलवानची. एल्फ लोकायचा देव आहे, आजी. आमचा खेळ आहे तो. मी त्याची पुजारीण आहे."

खेळ असा, की ठिकठिकाणची माणसं कॉम्प्युटरवर बोलून मिळून एक गोष्ट रचतात. एकमेकांना कधी भेटलेली नसतात. त्या गोष्टीतल्या जंगलात एल्फ राहतात. कान लांब, अंगाने सडपातळ, आणि हजार वर्षं जगतात.

"हजार वर्षं जगते तर त्यायले देव कायले पाहिजे?" मी विचारलं. "आपण मराले भेतो म्हणून आपल्याले देव लागते. त्यायले कशाचं भेव?"

तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "जगतच राहा लागते, त्याचंच भेव, आजी. थकले तरी हातातलं काही सुटत नाही. सेलवान त्यायले सोडाले शिकवते."

ती एल्फांबद्दल बोलत नव्हती एवढं मला कळलं. पण मी पहिल्यांदाच ओरडले नाही. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. हा देव खातो काय? काही नाही. बकरं कापतात का? नाही. बायको आहे? नाही.

"म्हणून एवढा शांत आहे," मी म्हटलं, आणि ती हसली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हसली.

त्याची पूजा तिने मला समजावून सांगितली. झाडाखाली बसायचं. फांदी हलवायची नाही, पान तोडायचं नाही. काही मागायचं नाही. झाडावरून आपोआप जे पडेल तो प्रसाद. पडेपर्यंत उठायचं नाही.

मोहाची फुलं गळायला लागली तेव्हा तिने कॉम्प्युटरही बंद केला. औषध बंद, पाणीसुद्धा सांगितलं तरच प्यायची. माझा मुलगा मला म्हणाला, "माय, आता नागपूरले भरती कराच लागते." ते ऐकून प्रज्ञाने आतून कडी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टोपली घेऊन आमच्या बांधावरच्या मोहाखाली गेले. आमच्याकडे मोहाचं फूल कोणी तोडत नाही. ते पहाटेपासून आपलं आपण गळतं, आपण खालचं वेचायचं. जन्मभर वेचत आले, पण त्या दिवशी वेचलं नाही. नुसती बसले. शेजारची शेवंता भरली टोपली घेऊन जाताना म्हणाली, "काय वं आजी, मोह वेचाले आली का झोपाले?"

"तुह्यी टोपली भरली ना? मंग जा घरी," मी म्हटलं.

सवयीने हात जोडले आणि माझ्या तोंडून निघालंच, पोरीला वाचव. लगेच आठवलं, मागायचं नाही. म्हणजे पूजा मोडली. ज्या देवाला कोणी पाहिलं नाही, त्याच्यापुढेही मी हुकूमच सोडत होते. मग हात सोडले. तिने जेवावं, बाहेर यावं, माझं ऐकावं, हे सगळं मनातून खाली ठेवलं. ती जशी आहे तशी असो, एवढंच राहिलं. आजूबाजूला फुलं टपटप पडत होती, माझ्या अंगावर मात्र एकही नाही. ऊन चढलं, फुलं पडायची थांबली. आता उठावं असं वाटत असताना एक फूल पदरात पडलं. ते घेऊन घरी आले.

प्रज्ञाच्या खोलीचं दार उघडं होतं. ती दारात उभी होती, हातात फोन. तिच्या खेळातल्या एका बाईचा निरोप आला होता. ती कोण, कुठली, आम्हाला आजही माहीत नाही. तू का येत नाहीस, काय झालं, असं तिने काहीच विचारलं नव्हतं. एवढंच लिहिलं होतं, की सेलवानचा सण जवळ आला आहे आणि तुझ्या मुलखात झाडावरून आपोआप जे पडतं ते पुजारणीने आणायचं आहे.

"आजी," प्रज्ञा म्हणाली, "आपल्या इकडे काय पडते?"

मी पदर उघडून दाखवला. तिने फूल हातात घेऊन हुंगलं आणि तोंडात टाकलं. मग म्हणाली, "सणाले काय देऊ आता?"

"उद्या चाल माह्यासंगं."

ती आली. चप्पल शोधायलाच वेळ लागला. झाडाखाली ती बसली आणि मी वेचत राहिले. घरी येऊन तिने सुनेच्या हातची भाकर खाल्ली.

सणाच्या दिवशी तिने मलाही कॉम्प्युटरपुढे बसवलं. न दिसणाऱ्या माणसांना मी मोहाबद्दल सांगितलं. त्यातला एकजण म्हणाला, "आजी, असं झाड खरंच असतं का, की हे तुम्ही गोष्टीत घातलंय?"

"तुमचा देव आहे ना," मी म्हटलं, "तेवढं तरी आहेच."

प्रज्ञा पूर्ण बरी झालेली नाही. औषध चालू आहे, आता ती ते घेते. काही दिवस अजूनही वाईट जातात. सेलवान आहे की नाही, मला ठाऊक नाही. त्या बाईला निरोप त्याच सकाळी का सुचला, तेही ठाऊक नाही. पण ज्याचे मानायचे त्याचे आभार मी त्या झाडाखाली जाऊन मानले, आणि मानताना काही मागितलं नाही.

मोहाची फुलं संपली. आता त्याची फळं गळतील, त्यांना आम्ही टोऱ्या म्हणतो, त्याही आपोआपच पडतात. सकाळी मी टोपली घेऊन ओट्यावर बसते. तिचं दार वाजवत नाही.