बर्फाच्या खोलीतला कॉम्प्युटर

सुचिता तळवलीची लेक, दिली करावेगावात. सासू बायजाबाई मासळी विकायची, पन सुनेचा हात टोपलीपेक्षा कॉम्प्युटरवर बसलेला. म्हनून मच्छीवाल्या बायांच्या सोसायटीत तिला खुर्ची मिळाली. टॉवरातली मानसं फोन करनार, कोनाला पापलेट, कोनाला सोललेली कोलंबी, ती सगळं कॉम्प्युटरमधी घालनार.

चेअरमन हिरामणमामांनी मोठा डबा आनला, सर्वर म्हनतात तो. दुकानदार बोलला, थंडाव्यात ठेवा. मामांनी नेला थेट बर्फाच्या खोलीत, सुरमईच्या शेजारी! एसीचा खर्च वाचला म्हनून वर खूश. थोड्या महिन्यांत डबा गंजला, कधी चाले, कधी रुसे.

सुचिता बोलली, "मामा, सगळं क्लाउडवर टाकू. दुसऱ्यांच्या मोठ्या मशिनीत जागा भाड्यानं घ्यायची. राखन त्यांची, दुरुस्ती त्यांची."

"आनि आपला माल लोकांच्या घरात? आपली होडी ती आपली होडी!"

"मग होडीला डांबर कोन लावनार, तुमी?"

बाया खो खो हसल्या. मामा तापले. "कर तुज्या मनाचं. पन मार्गशीर्षाच्या आदल्या रविवारी ऑर्डरी बुडल्या, तर खुर्ची सोडायची!"

त्या रविवारी सगळी मानसं पोटभर मासळी खाऊन घेतात, पुढं महिनाभर बंद. सुचितानं सगळा हिशोब, सगळ्या ऑर्डरी क्लाउडवर चढवल्या.

रविवार उजाडला आनि रस्ता खोदनाऱ्यांनी केबल तोडली. हापिसातलं नेट गेलं.

"बुडाला तुजा क्लाउड!" मामा ओरडले. "थांब, माजा डबा चालू करतो." बर्फाच्या खोलीत जाऊन दहादा बटन दाबलं. डबा हूं का चूं करीना. आतून नुसतं पानी टपकलं.

"क्लाउड जागेवर हाय, मामा. आपली वाट तुटली." सुचितानं आपल्या मोबाइलचं नेट कॉम्प्युटरला जोडलं. झालं की! सगळ्या ऑर्डरी समोर. बायांनी आपापल्या मोबाइलवर बघितल्या, भराभर मासळी कापली, पिशव्या भरल्या. शेवटी पोचवायला मानूस पुरेना, तर मामाच स्कूटर घेऊन सुटले! दुपारपर्यंत खोलीत एक मांदेली उरली नाय.

मामा घाम पुसत आले. "खुर्ची तुजीच गो पोरी."

"पन एक छोटा कॉम्प्युटर हितं ठेवू, कोरड्यात. कुठलंच नेट नसलं तरी वजनाचं बिल निघालं पायजे."

"म्हंजे मी पन बरोबर होतो!"

"अर्धे, मामा."

आनि बायजाबाई? ओट्यावर उभी राहून अख्ख्या बाजाराला सांगत होती, "माजी सून हाय ती, माजी!"