न गाळलेलं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि ज्या सरांना सर्वात आधी सांगायला हवं होतं त्यांनाही नाही – ते तर आता राहिलेच नाहीत. मग तुम्हालाच का? खरं सांगू, मलाही नीट माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढं कारण पुरे असावं.

मी पाणी तपासते. अंधेरीत एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या दुसऱ्या मजल्यावर आमची लहानशी लॅब आहे, तिथे. सोसायट्यांचे सेक्रेटरी बोअरच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन येतात आणि रिपोर्ट हातात पडला की हमखास विचारतात, "मॅडम, पण हे आलं कुठून?" लोखंड, मँगेनीज, कधी लाखात एखाद्या वेळी आर्सेनिक. मी समजावून सांगते. छान सांगते म्हणे – रिसेप्शनवरची मुलगीसुद्धा काम थांबवून ऐकते. आणि दर वेळी तो प्रश्न आला की मी त्यांच्याकडे न बघता रिपोर्टकडे बघते. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

आधी वाळूबद्दल सांगते. नाही, मी टाळत नाहीये. म्हणजे – थोडं टाळतेच आहे, पण वाळू कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

समुद्रकाठची वाळू आपल्याला कोरडी, निर्जीव वाटते. पण खाली, दोन पुरुष खोलीवर, तिच्या कणाकणांमधून गोडं पाणी बसलेलं असतं. पावसाचंच पाणी ते, खाऱ्या पाण्यावर अलगद तरंगणारं. आणि वाळूच्या प्रत्येक कणावर गंजाचा एक पातळ थर असतो, भज्याला बेसन चिकटून असावं तसा. त्या गंजात बाकीची मंडळी दडून बसलेली असतात – मँगेनीज, आर्सेनिक, आणखी कोण कोण, सगळी अगदी चिमूटभर. डोंगरातून नदीनं आणलेली, खाडीनं ठेवून घेतलेली. बसलीत तोवर कुणाचं काही बिघडत नाही. पण वाळूच्या खाली जुना काळा चिखल असला, कुजलेल्या पानांचा, मुळांचा, तर तो पाण्यातली हवा खाऊन टाकतो. मग गंज विरघळतो आणि आत दडलेले सगळे पाण्यात उतरतात. माझ्या पहिल्या लॅबमधल्या सरांचं हे म्हणणं होतं आणि ते खरंच आहे. जगात बऱ्याच ठिकाणी असंच घडतं.

सरांना ते मनोरीत, मालाडच्या खाडीपलीकडच्या गावात, घडताना दाखवायचं होतं. मी तेव्हा त्यांच्या हाताखाली नवीन लागले होते, चोविशीतली. घर भांडुपला. वडील गिरणी सुटल्यावर एका बिल्डिंगचे वॉचमन झालेले, आणि पोरगी "संशोधन" करते याचं त्यांना एवढं कौतुक की शेजारी चहाला आला तरी ते माझी ओळखपत्राची माळ काढून दाखवायचे. दर पंधरा दिवसांनी मी मालाडहून मार्व्याला जायची, फेरीबोटीनं पलीकडे उतरायची आणि बारा विहिरींचं पाणी भरून आणायची.

ते दिवस मला अजून झोपेत ऐकलेल्या आवाजासारखे आठवतात. सुरूच्या झाडांची सळसळ, कुठेतरी वाळत घातलेल्या सुक्या मासळीचा वास, दुपारच्या उन्हात पांढरी पडलेली वाट. चालता चालता असं वाटायचं, की पायाखाली आणखी एक गाव आहे – पाण्याचं, सावकाश चालणारं, वर्षाला चार पावलं सरकणारं. मी वरून चालतेय आणि ते खालून. मला ते सगळं फार आवडायचं. हे सांगते आहे कारण मी कंटाळून काही केलं असं तुम्हाला वाटू नये. मी प्रेमात होते त्या कामाच्या, तरी केलं.

सातवी विहीर रेजिनाबायची. रेजिनाबाय तेव्हा पन्नाशीची, मागच्या परसात नारळ, दोन खोल्या सुट्टीवाल्यांना भाड्यानं द्यायची. नवरा आंतोन जाऊन तीन वर्षं झाली होती. बाव, म्हणजे ती विहीर, त्याच्या आजोबानं बांधलेली, आणि आंतोननं शेवटच्या उन्हाळ्यात स्वतः आत उतरून ती आणखी हातभर खोल केली होती. आळीतलं कुठलंही लग्न असो, आदल्या दिवशी बँड लावून, छत्री धरून सगळी मंडळी याच विहिरीवर यायची – वराच्या किंवा वधूच्या न्हाणासाठी पाणी न्यायला. उंबराचं पाणी म्हणतात त्याला तिथे. रेजिनाबाय तेव्हा ठेवणीतलं लाल लुगडं नेसून काठावर उभी राहायची, जणू तिच्याच घरचं लग्न. मला म्हणायची, "पी गो पोरी. एवढा गोड पानी तुझे मुंबईत हाय का?" मी प्यायची, खरोखर गोड लागायचं.

आता ती सकाळ.

वैशाखातली होती, पावसाळ्याआधीच्या शेवटच्या फेरीची. आदल्या रात्री माझ्या पिशवीची चेन तुटली म्हणून मी सामान दुसऱ्या पिशवीत भरलं. मार्व्याच्या जेटीवर लक्षात आलं की गाळण्या जुन्या पिशवीतच राहिल्या. आमच्या कामात विहिरीवरच पाणी गाळून घ्यावं लागतं – दिसायला साधा पांढरा कागद, पण त्यातून मातीचा बारीकातला बारीक कणही जात नाही. गाळून झालं की बाटलीत ॲसिडचे थेंब टाकायचे, म्हणजे पाण्यातले धातू पाण्यातच राहतात, बाटलीच्या भिंतींना चिकटत नाहीत. आधी गाळणं, मग ॲसिड. पहिल्या दिवशी शिकवतात हे. न गाळता ॲसिड टाकलं तर काय होतं? बाटलीत आलेली माती, वाळूच्या कणांवरचा तो गंज, सगळं ॲसिड विरघळवतं. मग मशीन जे दाखवतं ते विहिरीतलं पाणी नसतं, विहिरीचा गाळ असतो.

मला परत जाता आलं असतं. दुसऱ्या दिवशी येता आलं असतं. नाहीतर वहीत नुसतं लिहायचं – "न गाळलेलं". दोन शब्द. पण मागच्याच आठवड्यात सर सगळ्यांसमोर मला धांदरट म्हणाले होते आणि... नाही. हे कारण नाही, ही नुसती आठवण आहे.

उन्हाळ्यानं विहिरी तळाला गेल्या होत्या. बाकीच्या अकरा विहिरींचं पाणी तरी नितळ होतं. रेजिनाबायच्या बावीत बादली तळाला घासली आणि पाणी पिवळसर, गढूळ आलं. मी बाटली भरली, ॲसिड टाकलं आणि वहीत "गाळले?" या रकान्यात बाराही विहिरींपुढे बरोबरची खूण केली. एका दमात, एकाखाली एक. परतीच्या बोटीत बाटल्या मांडीवर होत्या. सातवी बाटली उन्हात धरून पाहिली तर पाणी निवळत चाललं होतं. किती शांत दिसत होतं ते, आणि मला नेमकं कळत होतं की ते का निवळतंय.

महिन्याभरात आकडे आले. अकरा विहिरी नेहमीसारख्या स्वच्छ, सातवीत मात्र या वेळी लोखंड, मँगेनीज आणि आर्सेनिक, तिन्ही हातात हात घालून. सर खुर्चीतून उठलेच. "हे बघ, हीच ती! पाणी तळाला गेलं आणि खाली चिखलाचा थर लागलाय. मी म्हणत नव्हतो?" मी मान डोलावली. त्यांचा आनंद मला बघवत नव्हता आणि मोडवतही नव्हता. त्यांनी रिपोर्ट केला, लेख लिहिला, माझं नाव आपल्या नावाशेजारी घातलं. वडिलांनी तो लेख लॅमिनेट करून आणला. रिपोर्ट महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात गेला आणि कुणीतरी येऊन रेजिनाबायच्या बावीवर लाल रंगाची फुली मारून गेलं.

इथवर चूक म्हणता येईल. पुढचं नाही म्हणता येणार.

पावसाळा सरल्यावर मी एकटीच गेले, कुणाला न सांगता. गाळण्या घेऊन. पाणी भरलं, नीट गाळलं, लॅबमध्ये सगळे जेवायला गेले असताना मशीनवर लावलं. काही नव्हतं त्यात. तीन दिवसांनी पुन्हा जाऊन पुन्हा भरून आणलं, कारण एक आकडा फसवू शकतो. तरी काही नाही. गोडं, स्वच्छ, वाळूतलं पाणी. त्या आठवड्यात माझी नोकरी पक्की होण्याचा कागद सरांच्या टेबलावर सहीसाठी होता. मी दोन्ही बाटल्या बेसिनमध्ये ओतल्या, तीनदा विसळल्या आणि पालथ्या घातल्या. झाकली मूठ.

जानेवारीत रेजिनाबायच्या मुलाचं, पास्कूचं लग्न होतं. मला आमंत्रण होतं, मी गेलेही. का गेले? न जाणं जास्त संशयास्पद दिसलं असतं, बहुतेक. आदल्या दिवशी बँड आला, छत्री आली, बायका गाणी म्हणत निघाल्या. आणि तो सगळा मेळा रेजिनाबायच्या परसातून, तिच्याच बावीजवळून, न थांबता पुढे गेला. पाच घरं सोडून दुसऱ्या कुणाच्या विहिरीवर. स्वतःच्या मुलाच्या न्हाणाचं पाणी दुसऱ्याच्या दारातून. लाल लुगडं नेसलेली रेजिनाबाय चालता चालता मागे पडली आणि माझ्याजवळ आली. रागानं नाही आली, ते मी सहन केलं असतं. शाळेतली मुलगी शंका विचारायला येते तशी आली.

"पोरी, मना एक सांग. हा इख माझे पान्यात आला कुठून गो?"

आणि मी सांगितलं. गंजाचा थर, काळा चिखल, हवा, सगळं. तिला समजेल असं, सोप्या शब्दांत, हातांनी थर दाखवत. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. फक्त त्या विहिरीत तसं काही घडलंच नव्हतं. ती नीट ऐकत होती. चिखल खोलवर असतो म्हटल्यावर तिचा चेहरा बदलला. तिनं हळूच विचारलं, "म्हंजे, आंतोननी बाव खोल केली म्हनून?"

बँड लांब गेला होता. वाळूवर नारळाच्या सावल्या हलत होत्या, आणि मला आठवतं, त्या क्षणी सगळं इतकं सुंदर होतं की हे खरं नाहीच असं वाटलं. स्वप्नात आपण काहीही बोललो तरी चालतं ना? तसं.

मी म्हणाले, "हो बाय. तसंच असेल."

माझी खरी गोष्ट ती एवढीच आहे. गाळण्या विसरणं नव्हे, वहीतली खूणही नव्हे. तो "हो". गुन्हा घडलाच नव्हता, आणि मी तो मेलेल्या माणसाच्या नावावर लिहिला. मला नाही म्हणता आलं असतं. "माहीत नाही" म्हणता आलं असतं – आमच्या धंद्यात ते सर्वात इमानदार उत्तर असतं. मी सर्वात सोपं उत्तर दिलं, कारण त्यात माझं नाव कुठेच नव्हतं.

पुढे बाव बुजवली. डेब्रिसचा एक टेम्पो पुरला म्हणे. मला लॅब बदलून अंधेरीला येऊन आता वर्षं झाली, लग्न झालं, बोरिवलीला घर झालं, केस पांढरे झाले. मनोरीला मी जात नव्हते. गेल्या डिसेंबरमध्ये ऑफिसच्या पिकनिकला नाइलाजानं गेले आणि दुपारी सगळे आडवे झाल्यावर पाय आपोआप त्या आळीत वळले. परसात फरशी घातलेली, तिच्यावर प्लॅस्टिकच्या खुर्च्या. रेजिनाबाय एका खुर्चीत बसलेली, पंचाहत्तरीची, अंगानं निम्मी झालेली. मला तिनं आवाजावरून ओळखलं. सुनेला हाक मारून पाणी मागवलं – जारचं, थंड. सुनेनं मला विचारलं, तुम्हीच का त्या, ज्यांनी आमच्या बावीतलं विष शोधलं? तिच्या डोळ्यांत चक्क आदर होता.

रेजिनाबाय माझा हात हातात घेऊन बसली होती. म्हणाली, तू सांगितलंस ते बरं झालं, नाहीतर नातवंडं तेच पाणी प्यायली असती. मग तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. पण ती जागीच होती.

"पहिली धा वर्सं मी त्याचे कबरीवर फुला नाय नेली," ती म्हणाली. "राग होता गो. सांगत होते नको खनू, नको खनू. मंग म्हटला, जाऊं दे. आंतोनला मी माफ केला."

मी पाणी प्यायले. पेला खाली ठेवला, तिच्या हातातून हात सोडवून घेतला आणि चारच्या बोटीनं परत आले.