सातनंतर कोट आणि टाय

बोटीवर पाच वर्षं काढली म्हटल्यावर लोकांना वाटतं, याच्याकडं वादळाचे किस्से असतील, देवमाशाचे असतील. दौंड स्टेशनसमोर चहाला बसलो की कुणीतरी विचारतंच, "काय काय बघितलंस रे?" खरं सांगायचं तर मी समुद्र फारसा बघितलाच नाही. मी बघितले ते लोकांचे कपडे. जेवणाच्या हॉलच्या दारात उभं राहायची ड्यूटी असली की दर फेरीला एकदोन किस्से आपोआप गोळा होतात. सांगायला बसलं की आणखी आठवतात.

बोट प्रवाशांची. मुंबईहून निघायची, सेशेल्स करत मोम्बासाला जायची. सत्तरच्या दशकातल्या गोष्टी आहेत या. हॉलमध्ये आपल्या भागातले आम्ही तिघं. मी दौंडचा, आधी स्टेशनच्या कॅन्टीनमध्ये होतो. सॅम्युअल केडगावचा, मिशनजवळ वाढलेला, त्यामुळं इंग्रजी एकदम फर्स्ट क्लास. आणि निमोण्याचा बबन, ज्याला इंग्रजी येत नव्हतं, पण अडतही नव्हतं. आमच्यावर परेरासाहेब. चीफ स्टुअर्ड, गोव्याचे, कधी हसायचे नाहीत.

दाराशी इंग्रजीत पाटी होती. सातनंतर पुरुषांना जॅकेट आणि टाय, बायकांना दिवसभर 'योग्य पोशाख'. बबननं पहिल्याच दिवशी विचारलं, "साहेब, योग्य म्हंजी काय?"

परेरासाहेब म्हणाले, "अयोग्य दिसलं की कळेल."

तिसऱ्या दिवशी कळलं. दुपारच्या जेवणाला एक गोरी बाई पोहण्याच्या टाकीतून थेट टेबलावर येऊन बसली. अंगावर पोहायचा पोशाख, तोही कमीच, आणि खांद्यावर टॉवेल. सॅम्युअल नेमका किचनमध्ये. ते टेबल बबनचं. बबन छताकडं बघत पुढं गेला, वाकला आणि अदबीनं म्हणाला, "मॅडम, सूप व्हेरी हॉट. बोट व्हेरी हलिंग."

बाईंनी एकदा सुपाकडं बघितलं, एकदा स्वतःकडं. पाच मिनिटांत गळ्यापासून पायापर्यंत झगा घालून परत आल्या!

एकदा समुद्र खवळला. सगळे प्रवासी केबिनमध्ये आडवे. रात्रीच्या जेवणाला एकच गृहस्थ आले, मोम्बासाचे कापडाचे व्यापारी. शर्ट, टाय आणि वरून बोटीतलं केशरी लाइफ जॅकेट, दोऱ्या घट्ट बांधलेल्या. परेरासाहेब म्हणाले, "सर, जॅकेट लागतं."

"मग हे काय आहे?"

"सर, हे लाइफ जॅकेट."

"पाटीवर कुठलं जॅकेट ते लिहिलेलं नाही," व्यापारी म्हणाले, "आणि हे तुमच्याच बोटीचं आहे."

परेरासाहेबांनी पाटी वाचली. पुन्हा वाचली. मग खुर्ची ओढून दिली. दुसऱ्या दिवशी पाटी नवी आली.

या नोकरीची सवय अंगात भिनते. सॅम्युअल सुट्टीला केडगावला गेला. पहिल्याच संध्याकाळी वडील बनियनवर जेवायला बसले. हा ताट हातात घेऊन उभाच. "पप्पा, शर्ट."

वडिलांना वाटलं, शर्टाला काही लागलंय. म्हणाले, "घातलेलाच न्हाई, तर बघू काय?"

सॅम्युअल हलेना. शेवटी आईनं त्याच्या हातातलं ताट काढून घेतलं, नवऱ्यापुढं ठेवलं आणि म्हणाली, "बाप हाय तुजा, पॅसेंजर न्हाई!"

बबनचं त्याहून वाईट झालं. निमोण्यात चुलतबहिणीचं लग्न होतं. एवढा बोटीवरचा माणूस, म्हणून यानं ड्यूटीचा पांढराशुभ्र कोट चढवला, पितळी बटणांचा. त्या वर्षी नसबंदीची मोहीम जोरात होती. खेड्यात पांढरा कोट म्हणजे एकच गोष्ट. पहिली पंगत बसलेली. बबन मांडवात शिरला आणि सवयीनं एकेकाच्या मागं उभं राहून, कुणाला काय हवंय ते बघत पुढं सरकायला लागला.

अर्धी पंगत ताटावरून उठून ज्वारीत पळाली!

मुलीचा बाप, म्हणजे बबनचा चुलता, बिचारा हात जोडून त्याच्यापुढं आला. "बबन्या, कोट काढ बाबा. नवरदेव बी दिसंना झालाय."

आता वडगाव रासाईच्या आबांचं सांगतो.

मुंबईहून निघाल्यावरची पहिलीच रात्र. दारात मी. एक म्हातारे गृहस्थ आले. पांढरं धोतर, धुतलेला सदरा, डोक्याला फेटा. बोलण्यावरून ओळखलं. विचारलं, "आबा, गाव कुठलं?"

"वडगाव रासाई. ल्योक मोम्बाशाला रेल्वेत हाय. त्यानं तिकीट धाडलंया."

आपल्या मुलखाचा माणूस! इतका आनंद झाला, पण मागं परेरासाहेब उभे होते. मी खाली बघत म्हणालो, "आबा, हितं कोट-टाय लागतो. तुमचं ताट केबिनमध्ये पाठवतो."

आबा शांतपणे म्हणाले, "म्हंजी भायेर जेवायचं?"

"नियम आहे, आबा," मी म्हणालो.

"नियम सगळ्यास्नी हाय का मलाच?"

"सगळ्यांना, आबा. मघाशी एका साहेबालाही परत पाठवलं."

"लिवलेला हाय?"

मी पाटी दाखवली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण त्यांनी ती नीट बघून घेतली. "सगळ्यास्नी असंल तर कायबी म्हणणं न्हाई," म्हणाले आणि वळले.

सॅम्युअलनं केबिनसाठी ताट वाढायला घेतलं. मला वाटलं, आता आबा प्रवासभर वर यायचे नाहीत. त्या रात्री मी तीन टेबलांना चुकीचं जेवण दिलं.

वीस मिनिटांनी आबा आले. फेटा तोच, धोतर तेच. वर काळा कोट, लेकानं मुद्दाम शिवायला लावलेला. आणि गळ्यात निळा टाय. गाठ अशी, की नुसतं बघत राहावं. ना सैल, ना वाकडी, बरोबर मधोमध.

परेरासाहेबांचा हात नकळत स्वतःच्या टायकडं गेला. त्यांनी तो सारखा केला. मग मला बाजूला सारून ते स्वतः पुढं झाले, आबांना मधल्या टेबलापर्यंत घेऊन गेले आणि खुर्ची ओढून दिली.

मी सूप वाढताना हळूच विचारलं, "आबा, टाय कवापासून घालताय?"

"आजच."

"मग ही गाठ कुणी शिकवली?"

आबांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी काहीतरी अडाण्यासारखं विचारलंय.

"शिकवायचं काय त्यात? घरात निळ्या कोटातला फोटू हाय की! रोज सकाळी हात जोडतो, तवा समोर गाठच असती."