मधूला सगळं आधी कळतं

ही गोष्ट मी लग्नकार्यात, गणपतीत, अगदी दवाखान्याच्या बाकावर बसूनही सांगितली आहे. पण दर वेळी अर्धी. अर्धी सांगितली की लोक पोट धरून हसतात. उरलेली अर्धी मी इतकी वर्षं टाळत आलो. आता ऐकून रागावेल असं फारसं कोणी उरलेलं नाही, तेव्हा धाडस करतो. (माझं धाडस नेहमी असंच, समोर कोणी नसलं की येतं.)

तर, आमच्या घरात एक बाळ जन्मलं आणि त्याला धड दात यायच्या आत गल्लीनं त्याचा बाबामहाराज करून टाकला.

मध्यभारत राज्याचे दिवस होते. सरकार अर्धं वर्ष ग्वाल्हेरला आणि अर्धं आमच्या इंदूरला राहायचं. मी नोकरीसाठी दोन्हीकडे अर्ज करून पूर्ण वर्ष घरी होतो. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, देपालपूरच्या तहसिलीत कारकून, शनिवारी यायचा. छत्रीबागेतल्या भाड्याच्या घरात आई, वहिनी, मी आणि वहिनींचं पहिलं बाळ, मधू. खाली शेणानं सारवलेली जमीन, वर लाकडी फळ्यांची माडी. मागे नदी आणि राजघराण्याच्या छत्र्या, म्हणजे समाध्या. डाव्या हाताला, भिंतीला भिंत लावून, रामेश्वरजींची पिठाची चक्की. आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. त्या फौजेची शेवटची खूण म्हणजे माझी मिशी. ती वरचा ओठ झाकून खालच्यावर उतरायची आणि जेवताना आमटीत आधी पोचायची.

मधू दचकत नसे. दिवाळीत दारात सुतळीबॉम्ब फुटला, शेजारची मुलं भोकाड पसरून रडली, आणि हा पाळण्यात गाढ.

"केवढं गुणाचं लेकरू," आई म्हणाली. "नाहीतर तू, दिनू. चमचा पडला तरी किंचाळायचास."

"तेव्हा लहान होतो मी."

"मागच्या महिन्यातलं सांगून राहिले."

मग ती दुपार आली. माडीवर मी पुस्तक तोंडावर घेऊन लोळत होतो. मधू जमिनीवर, उशांच्या आधारानं, भिंतीकडे तोंड करून बसला होता. एकाएकी त्यानं मान वळवली आणि जिन्याकडे पाहिलं. जिना रिकामा होता. मी कान दिला, काही नाही. मधू मात्र हसला, ओळखीचं माणूस दिसावं तसा. आणि मग जिन्याच्या तोंडाशी आईचं डोकं वर आलं. ती अनवाणी होती, आणि तिच्या पावलांचा आवाज मला तरी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी त्यानं कोपऱ्यातल्या भिंतीवर हाताचा तळवा टेकवला आणि खुदखुदू लागला. भिंतीत कोणी नव्हतं. मी पुस्तक खाली ठेवलं. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. (मिशी जड असल्यामुळे जागेवर राहिली.)

ही गोष्ट मी फक्त रामेश्वरजींना सांगितली. म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या छत्रीबागेला.

"भिया, मैं बताऊँ?" चक्कीचा पट्टा थांबवून ते हळूच म्हणाले. "छत्रीवाले बड़े सरकार आते होंगे इसके पास. बच्चे को सब दिखता है."

दुसऱ्या दिवसापासून बायका केळी घेऊन येऊ लागल्या. मी शिस्त लावून दिली: पाहुण्यानं खाली चपला काढायच्या, एकेकानं वर यायचं. मधू आधी जिन्याकडे बघायचा, मग पाहुणा उगवायचा, आणि पाहुण्याचे हात आपोआप जोडले जायचे. प्रश्नांची उत्तरं मधू काही देत नसे. ती मी देत असे. एकीची म्हैस हरवली होती. मधूनं खिडकीकडे पाहिलं; मी म्हणालो, "त्या बाजूला." म्हैस त्याच बाजूला सापडली. (त्या बाजूला सगळं इंदूर होतं.)

आठव्या महिन्याच्या सुमारास मला आणखी एक गोष्ट जाणवली, पण ती मी कोणाला सांगितली नाही. आधी मधू पाळण्यात "अग्गो, अग्गो" करत पडायचा. तो आवाज हळूहळू उतरत गेला, कोणी कंदिलाची वात खाली करत न्यावी तसा. घरात बाळ होतं आणि बाळाचा आवाज नव्हता. दुपारी माडीवर त्याच्याबरोबर एकटं बसायला मी टाळू लागलो.

एकदा तांदूळ निवडता निवडता वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मला वाटतं मधूला ऐकू येत नाही."

"काय बोलता वहिनी? त्याला तर माणूस यायच्या आधी कळतं."

"वर कळतं. खाली मी मागे उभी राहून हाक मारते, तर वळत नाही. बारशाला वन्संनी कानात कुर्र केलं, तेव्हा वारा लागला म्हणून हसला, नावाला नाही. आणि आता बोलणंही बंद करून राहिलाय. दवाखान्यात नेऊ या ना."

घरात शास्त्र शिकलेला मी एकटा. मी मधूला माडीवर नेलं, पाठमोरा बसवलं, मागे गेलो, दोन्ही पायांनी उडी मारली आणि जोरात टाळी वाजवली. मधू झटकन वळला.

"झालं? ऐकू येतं."

"एकदा खाली करून पाहा ना, भाऊजी. उडी न मारता."

"वहिनी, प्रयोग पुन्हापुन्हा करत नसतात. मी इंटर सायन्स आहे."

मी इंटर सायन्सला दोनदा नापास झालो होतो. हे वहिनींना माहीत होतं, पण त्या पुन्हा तांदूळ निवडू लागल्या.

शनिवारी दादानं विचारलं, "दिन्या, ही काय म्हणते आहे?"

"पहिलटकरणीची काळजी रे. मुलगे उशिराच बोलतात."

"तू नीट पाहिलंस?"

"प्रयोग केला."

दादा निश्चिंत झोपला. वहिनी झोपल्या का ते माहीत नाही.

संक्रांत आली. मधूचं बोरन्हाण आम्ही खालीच केलं, कारण गल्ली माडीवर मावण्याच्या पलीकडे गेली होती. काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाटावर जाड गोधडी, आणि वर आमचे बाबामहाराज. बायका बोरं, चुरमुरे, उसाचे करवे घेऊन तयार. बोरांची दुसरी टोपली मधूच्या मागच्या फळीवर होती. ती काढायला मी हात घातला आणि वरचं तांब्याचं घंगाळ खालच्या पितळी भांड्यांच्या उतरंडीवर आलं.

असा आवाज त्या गल्लीनं ऐकला नव्हता. बायका किंचाळल्या, पोरं रडली, एका म्हातारीनं माझं तोंड न बघता मला शिवी दिली. परातीचं गरगरणं थांबलं आणि घर एकदम गप्प झालं.

मधू आमच्याकडे पाठ करून बसला होता. त्यानं एक बोर उचललं, नीट पाहिलं, तोंडात घातलं. वळला नाही. खांदासुद्धा हलला नाही. त्या इवल्याशा पाठीकडे आम्ही सगळे बघत राहिलो, आणि भर दुपारी माझ्या अंगावरून काहीतरी थंड सरपटत गेलं. त्या क्षणी मला कळलं. खोटं कशाला बोलू, कळलं.

दारातून रामेश्वरजींनी हात जोडले. "समाधी लग गई."

बायकांनी पदर पसरले. वहिनी तेवढ्या मधूकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या.

"पाहिलंत, भाऊजी?" त्या म्हणाल्या.

सगळी गल्ली माझ्या तोंडाकडे बघत होती. आणि मी, इंटर सायन्स, म्हणालो, "वहिनी, आरतीचं ताम्हन आणा."

पुढच्या दोन संक्रांती गेल्या. मधू धावायला लागला, जिने चढायला लागला, पण 'आई' म्हणाला नाही. भाविक आपोआप कमी झाले. धावणाऱ्या महाराजाला नमस्कार करणं अवघड जातं. शेवटी दादानं रजा काढली आणि आम्ही चौघं दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी मधूच्या मागे घंटा वाजवली. मग आमची सगळी हकीकत ऐकली. "लाकडी जमिनीवर दुसऱ्याचं पाऊल अंगाला कळतं," ते म्हणाले. "भिंतीपलीकडे काय आहे?"

"चक्की," दादा म्हणाला.

"मग झालं." त्यांनी घंटा ठेवली. "आवाजाला न दचकणं, हाकेला न वळणं, सुरू झालेली बडबड थांबणं. इतकी लक्षणं, आणि इतका उशीर? लवकर आणला असता तर ओठ बघून शिकवायला तेव्हाच सुरुवात केली असती. घरात कोणाच्याच लक्षात आलं नाही?"

दादानं माझ्याकडे पाहिलं.

"नाही डॉक्टरसाहेब," मी म्हणालो. "कोणाच्याच नाही."

वहिनी शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी मधूला या कडेवरून त्या कडेवर घेतलं, इतकंच.

मधूच्या प्रत्येक नजरेचा हिशेब नंतर मी मनातल्या मनात लावला. जिना, चक्की, सगळं जुळलं. फक्त एका अमावास्येला, चक्की बंद असताना, घरात कोणी हललेलं नसताना, तो त्याच कोपऱ्याकडे बघून खूप वेळ हसला होता. ते मी डॉक्टरांना विचारलं नाही.

वहिनींनीच त्याला शिकवलं, आरशासमोर बसून, वर्षानुवर्षं. मधू ओठ वाचू लागला. पुढे अन्नपूर्णेच्या देवळाजवळ त्यानं पंप दुरुस्तीचं दुकान काढलं. मोटारीवर तळवा ठेवून तो बेअरिंग गेलंय का ते सांगतो. साऱ्या इंदूरचे ओठ त्याला वाचता येतात. माझे सोडून. ते मिशीखाली आहेत. मी बोललो की तो वहिनींकडे बघायचा आणि वहिनी माझं बोलणं त्याला पुन्हा सांगायच्या.

एकदा, दादा गेल्यानंतर, धीर करून मी दोघांसमोर बसलो. "मधू," मी म्हणालो, "तुझ्या आईला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. मी ते दाबलं. माझं चुकलं."

मधूनं आईकडे पाहिलं. वहिनींनी कप खाली ठेवला, त्याच्याकडे वळल्या आणि स्पष्ट ओठ हलवून म्हणाल्या, "काका म्हणतात, चहा छान झालाय."

मधूनं खूश होऊन मला आणखी अर्धा कप ओतला. मी प्यालो.

वहिनी गेल्या त्याच्या दहाव्या दिवशी, घाटावर, न्हाव्यानं आम्हा दोघांचं क्षौर केलं. जन्मात पहिल्यांदा माझी मिशी गेली. घरी आल्यावर मधू समोर येऊन बसला. त्यानं माझ्या उघड्या ओठांकडे पाहिलं आणि थांबला. मधे सांगायला आता कोणी नव्हतं. मधूच्या बायकोनं चहा आणून ठेवला. मी घोट घेतला, ओठ पुसले, तोंड उघडलं.

"चहा छान झालाय," मी म्हणालो.

मधूला पहिल्याच झटक्यात कळलं.