शंभरांचा अर्ज

पांढरकवड्याच्या तहसील कचेरीसमोर, लिंबाखाली, अर्ज लिहिणारे एक काका बसतात. त्यांचं नाव मी विचारलं नाही, विचारायची इच्छाही नाही. पेनाचं टोपण दातांत धरायचं, दोन कागदांत कार्बन सरकवायचा आणि मग विचारायचं, "भाऊ सख्खा का चुलत?"

माझा सख्खा. त्याने वखरता वखरता आमच्या वावरांमधला धुरा, म्हणजे बांध, हातभर माझ्याकडे सरकवला. मी तावातावाने हे सांगतोय आणि हा माणूस लिहायचं सोडून पोथी सांगत बसला. सुईच्या टोकाएवढी माती, जुगार, वनवास. शाळकरी पोरालाही पाठ असलेलं सगळं मला पहिल्यापासून! तिकडे अर्ज घ्यायची खिडकी बंद व्हायला आलेली.

शेवटी मी ओरडलो, "काका, त्या पाच भावांवर झाला तसाच अन्याय माह्यावर झाला, एवढं लिहा अन् मले मोकळं करा!"

काकांनी टोपण दातांतून काढलं.

"वीस वर्सं झाले भाऊ, इथं जो येते तो त्या पाचातलाच राह्यते. मंग ते शंभर कुठी जाऊन अर्ज लिहून घेतात, सांगा बरं? काल तुमच्याच आडनावाचा एक येऊन गेला. त्यानंबी हेच लिहाले लावलं."

आणि खाली मान घालून त्यांनी माझा अर्ज सुरेख अक्षरात लिहून दिला.

चार दिवस झाले. अर्ज खिशात तसाच आहे, आणि भावावरचा माझा राग उठून त्या काकांवर जाऊन बसला आहे.